लक्ष्मी या नांवांत अक्षरें किती?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांनीं यंत्राची कळ फिरविण्यासाठीं हात पुढें केला असेल. वेबपानें तयार करणारे लोक मजकुराचे तुकडे कसे करतात, कोठून कापतात आणि कसे जोडतात, हा विषय सायंकाळच्या चहाबरोबर घेण्यासारखा नाहीं, हें मलाहि मान्य आहे. परंतु गेल्या वर्षभरांत आपण आपलें स्वतःचें नांव एखाद्या वेबपानावरील अर्जाच्या चौकटींत भरलें असेल, तर हा विषय आपल्या घरीं येऊन गेलेला आहे, इतकेंच मी आरंभीं सांगतों.

सन २०१३ मधली गोष्ट. मुलींना शिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या देणाऱ्या एका लहानशा संस्थेचें काम मी त्या वेळीं हौसेनें, म्हणजे विनावेतन, करीत असें. पूर्वीं अर्ज कागदावर येत. ते वेबपानावरून यावेत आणि मंजूर झालेल्या मुलींची यादी आपोआप छापून निघावी, अशी व्यवस्था मीं करून दिली. पहिल्या यादींत बावीस नांवें होतीं. त्यांतील एका नांवाचें आडनांव मध्येंच तुटलें होतें, आणि तुटलेल्या जागीं टोकावर उभी केलेली एक काळी चौकट व तिच्या पोटांत पांढरें प्रश्नचिन्ह उमटलें होतें. मुलीचें नांव मी सांगत नाहीं. त्यांत जोडाक्षरें बरींच होतीं, एवढें पुरे. संस्थेचे खजिनदार वृद्ध आणि अत्यंत काटेकोर गृहस्थ. त्यांनीं यादी शाळेच्या दाखल्यांशीं ताडून पाहिली आणि हें नांव बाजूला काढलें. त्यांचें म्हणणें असें, कीं एक तर नांव दाखल्याशीं जुळत नाहीं, आणि शिवाय कोणी तरी त्यापुढें शंकेची खूण केलेली आहे. तेव्हां चौकशी होईपर्यंत पैसे थांबवावे.

ती खूण कोणाहि माणसानें केलेली नव्हती. मीं लिहिलेल्या एका ओळीनें त्या नांवावर जी कातर चालविली, तिचा तो वळ होता. मला तें कळावयास तीन महिने लागले, आणि तोंवर पहिल्या सहामाहीचे हप्ते वाटून झाले होते. ती ओळ काय होती आणि तिच्यांत चूक कोणती, हें समजावें म्हणून थोडें मुळापासून सांगावें लागेल.

संगणकाच्या दृष्टीनें मजकूर म्हणजे एकामागून एक ओंवलेल्या खुणांची माळ. या व्यवसायांतले लोक तिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात, म्हणजे दोरा. मला अक्षरमाळ हा शब्द बरा वाटतो आणि आज मी तोच वापरीन, जरी ‘अक्षर’ या शब्दापाशींच सारी अडचण आहे हें आपणांस लवकरच दिसून येईल. वेबपानाच्या पाठीमागें चालणाऱ्या कामाचा मोठा भाग या माळा कापण्याचा, सांधण्याचा आणि त्यांत कांहीं शोधण्याचा असतो. पत्त्यांतून पिनकोड काढावयाचा, दिनांकांतून साल वेगळें करावयाचें, लांबलचक बातमीच्या पहिल्या दोन ओळी दाखवून पुढें तीन टिंबें द्यावयाचीं, पूर्ण नांवांतून पहिला शब्द उचलून ‘नमस्कार, अमुकताई’ असें स्वागत करावयाचें; हीं सारीं कापाकापीचींच कामें.

ब्राउझरांत चालणारी मुख्य भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यानें ती १९९५ मध्यें अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि त्या घाईचे कांहीं अवशेष तिच्यांत अद्यापि दिसतात. माळेचा तुकडा काढावयास तिनें एक नव्हे, तीन कातऱ्या दिल्या आहेत: स्लाइस, सबस्ट्रिंग आणि सबस्टर. तिघींचेंहि मोजमाप शून्यापासून सुरू होतें. नवशिक्याला हें विचित्र वाटतें. पण शिंप्याची टेप आठवा. टेपेवर शून्य हें कापडाच्या कडेला येतें, पहिल्या इंचाच्या पोटांत नव्हे. ‘कमल’ हा शब्द घ्या. क च्या अलीकडे शून्य, क आणि म यांच्या फटींत एक, म आणि ल यांच्या फटींत दोन, शेवटीं तीन. ‘शून्य ते दोन’ कापा म्हटलें तर ‘कम’ हातीं येतें आणि ‘एक ते तीन’ म्हटलें तर ‘मल’. एका अंकाच्या चुकीनें कमलाचा मल होतो, तो असा. डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानें १९८२ मध्यें एक छोटेंसें टिपण लिहून शून्यापासून मोजणेंच सोयीचें कां, हें दाखवून दिलें. सरळ फायदा असा, कीं शेवटच्या अंकांतून पहिला वजा केला कीं तुकड्याची लांबी मिळते; वर एक मिळविण्याची किंवा खालीं एक सोडण्याची भानगड राहत नाहीं. माहिती सांठविणाऱ्या कोठाराची भाषा, जिला एसक्यूएल म्हणतात, ती मात्र एकापासून मोजते. त्यामुळें एकाच कचेरींत दर्शनी खोलींतला माणूस शून्यापासून आणि कोठीघरांतला एकापासून मोजतो, आणि मधल्या दारांत ठेंच लागते.

तीन कातऱ्यांचे स्वभावहि निराळे. सबस्टरला दुसरा आंकडा म्हणजे लांबी वाटते, इतर दोघींना तो शेवटचा ठाव वाटतो. आंकडे उलटे दिले तर सबस्ट्रिंग समजूतदारपणें ते अदलाबदल करून घेते. स्लाइस रिकाम्या हातानें परत येते. उणा आंकडा दिला तर स्लाइस शेवटाकडून मोजूं लागते, सबस्ट्रिंग त्याला शून्य समजते. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण तो कोठें बाधतो पहा. ई-मेलच्या पत्त्यांतून ‘अ‍ॅट’ च्या चिन्हाआधींचा भाग हवा असतो. म्हणून आधीं तें चिन्ह कोठें आहे तें विचारावयाचें आणि तेथपर्यंत कापावयाचें. आतां कोणी पत्त्यांत तें चिन्हच लिहिलें नाहीं, तर शोधणारी आज्ञा ‘सांपडलें नाहीं’ असें म्हणत नाहीं. ती ‘उणें एक’ असें उत्तर देते. तेंच उत्तर जसेंच्या तसें स्लाइसच्या हातीं दिलें, कीं ती ‘शून्यापासून शेवटच्या एका चिन्हाअलीकडे’ असा अर्थ घेते, आणि शेवटचें एक चिन्ह गाळून बाकीचा सर्व मजकूर देते. पाहणाराला तें बरोबरच वाटतें. सबस्ट्रिंग त्याच जागीं कांहींच देत नाहीं. माझ्या मतें ही दुसरी चूक परवडली. रिकामी जागा निदान डोळ्यांत भरते.

आणखी एक गोष्ट नवशिक्याला चकविते. जावास्क्रिप्टमध्यें माळ कापली म्हणजे मूळ माळ कमी होत नाहीं. ती जशीच्या तशी राहते आणि तुकड्याची नवी माळ निराळी मिळते. ती ठेवून घेतली नाहीं तर केलेलें सारें काम वाऱ्यावर जातें.

येथवर सर्व ठीक. ‘कमल’ मध्यें काना नाहीं, मात्रा नाहीं, जोडाक्षर नाहीं. म्हणूनच मीं तो शब्द निवडला. आतां कृपा करून कागद आणि पेन्सिल घ्या, कारण ध्वनिक्षेपकावरून मला अक्षरें दाखवितां येत नाहींत. ‘लक्ष्मी’ असें लिहा. यांत अक्षरें किती? शाळेंतला मुलगा म्हणेल दोन: ल आणि क्ष्मी. वृत्तें शिकलेला म्हणेल दोन, आणि दोन्हीं गुरु. जावास्क्रिप्टला विचारा, ती सांगेल सात. रासमस लरडॉर्फ यानें १९९५ मध्यें प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा असंख्य वेबपानांच्या पाठीमागें राबत असते. तिच्या साध्या मोजणीला विचारा, ती सांगेल एकवीस. आणि वाचकाला एकसंध दिसणारीं अक्षरें मोजण्यासाठीं युनिकोड या जागतिक मानकानें जे नियम घालून दिले आहेत, त्यांना विचारा; २०२३ पूर्वींचे नियम सांगतील चार, आणि नंतरचे सांगतील दोन. एका लक्ष्मीचीं हीं चार उत्तरें. पैकीं खोटें एकहि नाहीं. प्रत्येकानें निराळीच वस्तु मोजली आहे, इतकेंच.

सात कसे, तें आधीं पाहूं. ल ही एक खूण. मग क. मग क चा पाय मोडणारें हलन्त चिन्ह. मग ष. पुन्हां हलन्त. मग म. आणि शेवटीं दीर्घ वेलांटी. संगणकाच्या वहींत क्ष नांवाची स्वतंत्र वस्तुच नाहीं. क, मोडलेला पाय आणि ष हे तिघे शेजारीं आले म्हणजे पडद्यावर त्यांचें क्ष असें चित्र काढावें, अशी टंकाला शिकवण असते. ज्ञ ची, श्र ची आणि त्र ची तीच कथा.

एकवीस कसे, यासाठीं थोडा इतिहास. अमेरिकेंत १९६३ मध्यें संगणकांसाठीं आस्की नांवाची संकेतसूची निघाली. तींत १२८ घरें होतीं, आणि इंग्रजी लिहिणाऱ्याला तेवढीं पुरून उरत. संगणकाच्या स्मृतींतला सर्वांत लहान कप्पा म्हणजे बाइट. त्यांत २५६ निरनिराळे आंकडे राहूं शकतात. म्हणजे निम्मी जागा मोकळीच होती. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ मध्यें ठरविलेल्या इस्की या संकेतसूचींत ती मोकळी जागा भारतीय लिप्यांना मिळाली, व एक खूण एका बाइटांत मावूं लागली. पण एका वेळीं इंग्रजी आणि एकच भारतीय लिपि, असा तो संसार. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तिनें जगांतल्या प्रत्येक लिपीला स्वतःचें निराळें बिऱ्हाड देण्याचें ठरविलें. देवनागरीला १२८ घरें मिळालीं, क्रमांक २३०४ पासून २४३१ पर्यंत, आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ मधल्या आराखड्यावरून घेतलेली आहे. क चें घर २३२५, हलन्ताचें २३८१. अर्थातच हे आंकडे २५६ च्या पलीकडचे. ते एका बाइटांत मावणार कसे?

यावर केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनीं सप्टेंबर १९९२ मध्यें तोडगा काढला. न्यू जर्सीतल्या एका खाणावळींत, ताटाखालच्या कागदावर, एका संध्याकाळीं. त्याचें नांव यूटीएफ-८. या पद्धतींत प्रत्येक खूण म्हणजे आगगाडी समजा. इंग्रजीचें अक्षर म्हणजे नुसतें इंजिन, एक बाइट. देवनागरीची खूण म्हणजे एक इंजिन आणि दोन डबे, तीन बाइट. आणि इंजिनावरच पाटी असते, कीं मागें डबे किती. डब्यांवरहि पाटी असते, कीं हा डबा आहे, इंजिन नव्हे. युक्ति फार सुंदर आहे. जुने इंग्रजी मजकूर एका अक्षराचाहि फरक न करतां तसेच चालूं राहिले, ही तिची मोठी पुण्याई. आतां साता त्रिक एकवीस. पीएचपीची साधी मोजणी गाड्या मोजीत नाहीं, डबे मोजते.

याच हिशेबाची एक बहीण आपल्या खिशांत आहे. मोबाइलवरच्या साध्या लघुसंदेशांत इंग्रजीचीं १६० चिन्हें बसतात आणि मराठीचीं फक्त ७०. संदेशाची पिशवी एकच, १४० बाइटांची. इंग्रजीच्या चिन्हाला तेथें सात बिट पुरतात, देवनागरीच्या खुणेला सोळा लागतात. ‘लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा’ इंग्रजी लिपींत लिहिण्याची जी संवय आपल्याकडे पडली, तिला आळसाइतकाच हा हिशेबहि कारण झाला असावा.

खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याला असला प्रश्न पडण्याचें कारणच नव्हतें. मुंबईच्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांत देवनागरीच्या पेट्यांचे खण मोजतां मोजतां माणूस थकून जाई. पण क्ष चा खिळा हा शिशाचा एकसंध तुकडा होता. ओळींत जागा उरली नाहीं तर जुळारी तो उचलून खालच्या ओळींत नेई. त्याला मध्यें करवत लावून निम्मा क वर आणि निम्मा ष खालीं, असें करण्याची सोयच नव्हती. म्हणून मी जुन्या काळासाठीं उसासे टाकणारा नव्हें. शेंकडों खिळ्यांच्या जागीं मूठभर खुणा आल्या, त्यांतून वाटेल तें जोडाक्षर घडवितां येऊं लागलें, हें मोठेंच काम झालें. पण जें शिशांत फुटत नव्हतें तें येथें फुटूं लागलें, आणि फोडणाराला त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं.

लक्ष्मीवर कातर चालवून पहा. पहिल्या चार खुणा ठेवल्या तर उरतें ‘लक्ष’. शब्द शुद्ध, अर्थ भलताच. पहिल्या तीन ठेवल्या तर ल आणि पाय मोडलेला क, म्हणजे कांहींच नव्हे. आणि पीएचपीच्या साध्या कातरीनें पहिले दहा बाइट ठेवले, तर तीन खुणांचे नऊ होतात आणि दहावा म्हणजे चौथ्या गाडीचें एकटें इंजिन: पाटीवर दोन डबे लिहिलेले, मागें एकहि नाहीं. अशी डब्यांवांचून धांवणारी गाडी दिसली, कीं वाचणारें यंत्र तिच्या जागीं एक ठराविक चिन्ह काढतें. टोकावर उभी काळी चौकट, पोटांत प्रश्नचिन्ह. आमच्या खजिनदारांना दिसलेली शंकेची खूण ती हीच.

माझी ओळ अशी होती: नांव ६० हून मोठें असेल तर पहिले ६० ठेवावे. साठाचा रकाना मीं इंग्रजी नांवें डोळ्यांपुढें आणून आंखला होता. चूक सांपडली तेव्हां माझ्यापुढें एक कोडें उभें राहिलें, कीं साठाला तीननें भागलें तर बरोबर वीस येतात. मग अर्धवट गाडी उरलीच कशी? नांव वीस खुणांवर तुटावयास हवें होतें, पण स्वच्छ तुटावयास हवें होतें. उत्तर मिळण्यास एक रात्र गेली. त्या नांवांत तीन शब्द होते आणि त्यांच्यामध्यें दोन मोकळ्या जागा. मोकळी जागा देवनागरींतहि इंग्रजीचीच, तिला एकच बाइट पुरतो. साठांतून दोन गेले, उरले ५८. एकोणीस खुणांचे ५७. आणि एक बाइट अनाथ. बाकीच्या एकवीस मुलींचीं नांवें त्या मापांत कशींबशीं बसलीं, म्हणून कोणाच्या लक्षांत आलें नाहीं.

पीएचपीची साधी कातर सोडून तिचीच ‘एमबी’ या आद्याक्षरांची बहीण वापरली म्हणजे बाइटांऐवजीं खुणा मोजल्या जातात, आणि काळी चौकट नाहींशी होते. पुष्कळ जण येथेंच थांबतात. पण लक्ष्मीचें लक्ष होण्याचें त्यानें थांबत नाहीं, उलट चूक अधिक सफाईदार होते.

याचें नित्य दिसणारें उदाहरण म्हणजे आद्याक्षरें. आजकाल कित्येक वेबपानांवर आपल्या नांवापुढें एक रंगीत वर्तुळ आणि त्यांत आपलें पहिलें अक्षर असतें. तें काढणारी आज्ञा माळेंतली शून्याव्या ठावाची खूण उचलते. ज्ञानेश्वराचा ज होतो, क्षमेचा क होतो, श्रद्धेचा श होतो. आतां मराठींत आद्याक्षर घेण्याची रीत काय आहे? आपण वि. स. खांडेकर म्हणतों, व. स. खांडेकर म्हणत नाहीं. कृ. पां. कुलकर्णी म्हणतों. त्र्यं. शं. शेजवलकर म्हणतों. स्वर आणि अनुस्वार यांसकट संपूर्ण अक्षर घ्यावयाचें, ही आपली शतकभराहून जुनी छापील रीत. यंत्राला शिकविलें नाहीं तर तें ‘क. प. कुलकर्णी’ आणि ‘त. श. शेजवलकर’ असें छापून मोकळें होतें, आणि ग्रंथालयांतल्या कपाटांपुढें उभा असलेला विद्यार्थी हे गृहस्थ कोण म्हणून विचारांत पडतो.

कऱ्हाडचें दुःख याहून गुप्त आहे. त्यांतला जो चंद्रकोरीसारखा अर्धा र, तो लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. एका वाटेनें टिंबाचा निराळा र घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या वाटेनें साधा र, हलन्त आणि त्यापुढें एक न दिसणारी सांधणारी खूण. पडद्यावर दोन्हीं कऱ्हाडें हुबेहूब सारखीं. पण माळा निराळ्या, म्हणून एकानें लिहिलेलें कऱ्हाड दुसऱ्यानें शोधलें तर यंत्र सांगतें कीं या नांवाचें गांवच नाहीं. शोधण्यापूर्वीं आणि बदलण्यापूर्वीं दोन्हीं वाटा एका वाटेवर आणणें, हें मराठी मजकुरावर काम करणाराचें पहिलें कर्तव्य होय. आणि पाठ्यपुस्तकें इंग्रजी मजकूर धरून लिहिलेलीं असल्यानें हें त्यांत सहसा सांपडत नाहीं.

नांवाचे तुकडे मोकळ्या जागेवर पाडून ‘शेवटचा शब्द म्हणजे आडनांव’ असें धरणारेहि पुष्कळ. आपल्याकडे स्वतःचें, वडिलांचें किंवा पतीचें आणि मग आडनांव असा क्रम असल्यामुळें बहुधा निभावतें. पण गोव्याचे डि सोझा यांचें आडनांवच दोन शब्दांचें आहे. त्यांतला डि यंत्र त्यांच्या वडिलांच्या खातीं टाकतें. दक्षिणेकडे तर आडनांव मुळीं नसणारे लाखों लोक आहेत. अर्जांत तीन चौकटी ठेवून विचारलेलें बरें, किंवा एकच चौकट ठेवून तिला हात न लावलेला त्याहून बरा.

एक धोका मात्र नांवाच्या अब्रूपुरता नसून पानाच्या सुरक्षिततेचा आहे. वेबपानाच्या भाषेंत ‘पेक्षां लहान’ या गणिती चिन्हाला आज्ञेचा अर्थ असतो. वाचकानें लिहिलेल्या मजकुरांत तें चिन्ह आलें आणि तसेंच पानावर गेलें, तर परक्याची आज्ञा आपल्या पानांत शिरते. म्हणून त्या चिन्हाऐवजीं चार चिन्हांचा एक निरुपद्रवी संकेत लिहितात. आतां हा संकेत आधीं घातला आणि मजकूर नंतर कापला, तर कातर नेमकी संकेताच्या मध्यें लागण्याचा संभव असतो, आणि वाचकापुढें त्याचें निम्में लक्तर लोंबतें. आधीं कापावें, मग संकेत घालावे. हा क्रम उलटूं नये.

उपाय आज उपलब्ध आहेत, आणि ते अवघड नाहींत. पीएचपींत ‘ग्राफीम’ या शब्दानें आरंभ होणाऱ्या आज्ञांचा संच आहे. तो वाचकाला दिसणाऱ्या अक्षरावर कापतो. जावास्क्रिप्टमध्यें सेगमेंटर नांवाचें साधन आहे. २०२४ पासून तें सर्व प्रमुख ब्राउझरांत मिळतें. दोन्हींच्या मागें युनिकोडचे तेच नियम. या नियमांना जोडाक्षर हें एकच अक्षर आहे हें देवनागरीपुरतें कळावयास सप्टेंबर २०२३ ची १५.१ ही आवृत्ति यावी लागली. तोंवर ते हलन्तापाशीं थांबत आणि लक्ष्मीचे चार तुकडे करीत. म्हणून ज्या यंत्रावर काम चालावयाचें, त्यावर कोणत्या आवृत्तीचे नियम आहेत हें विचारून घ्यावें. ‘त्र्यंबक’ देऊन पाहिलें म्हणजे पांच सेकंदांत कळतें.

तथापि ज्याला जागेपुरताच मजकूर आंखूड दाखवावयाचा आहे, त्यानें माळ कापूंच नये असें माझें मत आहे. पानाच्या सजावटीच्या भाषेंत अशी सोय आहे, कीं चौकटींत मावत नाहीं तो भाग ब्राउझरनेंच झांकावा आणि पुढें तीन टिंबें द्यावीं. माळ आंत संपूर्ण राहते. चौकट रुंद केली कीं नांव पुन्हां पूर्ण दिसतें. दाखविण्यासाठीं कापलेलें आणि सांठविण्यासाठीं कापलेलें यांत पडदा ओढणें आणि भिंत पाडणें इतका फरक आहे. कोठारांत तर नांव जसें दिलें तसेंच ठेवावें. आपल्याकडे दोन कागदांवरचीं नांवें एका वेलांटीनें जरी भिन्न झालीं, तरी प्रतिज्ञापत्र करण्यासाठीं माणसाला मजुरीचा दिवस बुडवून कचेरीपुढें उभें राहावें लागतें, हें रकाना आंखणाराला आंखतेवेळीं ठाऊक नसतें. मला नव्हतें.

खजिनदारांना मीं सर्व समजावून सांगितलें. इंजिनें आणि डबे त्यांना पटले. पण गेलेल्या सहामाहीचा हप्ता मागाहून देण्याची तरतूद नियमांत नव्हती, आणि नियम मोडणारे ते गृहस्थ नव्हते. ती रक्कम त्यांनीं आणि मीं निम्मी निम्मी घातली. मीं रकाना वाढविला, ती ओळ खोडून टाकली, आणि यादी पुन्हां छापली. तींत नांव पूर्ण आलें.

पुढल्या वर्षीं त्याच मुलीचा अर्ज पुन्हां आला. तिनें वडिलांच्या नांवाचें एकच अक्षर करून टिंब दिलें होतें आणि आडनांवांतला शेवटचा अर्धा भाग गाळला होता. खालीं शेऱ्याच्या चौकटींत लिहिलें होतें, कीं मागच्या वेळीं नांव मोठें असल्यामुळें अडचण झाली असें समजलें, म्हणून या खेपेस लहान केलें आहे. मीं तिला पत्र लिहून अर्ज परत पाठविला, आणि नांव दाखल्यावर आहे तसें, सगळें, लिहावयास सांगितलें.